बाळ काचपेटीत आहे, घरच्यांना आधार नेमका कसा द्यायचा?

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या, कारण गेले दोन आठवडे डोक्यात हेच चालू आहे आणि घरात कुणाशी बोलावं तर सगळेच त्यात बुडालेले.

माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली, २८ व्या आठवड्यातच, वजन ११०० ग्रॅम. आज १७ वा दिवस, अजून काचपेटीत आहे. मी लांब राहते, लगेच निघता येण्यासारखं नव्हतं म्हणून तिसऱ्या दिवशी भावजयीला फोन केला. आणि बोलले काय, तर "काळजी करू नकोस गं, सगळं छान होणार आहे, हल्ली सातव्या महिन्यातली बाळं पण मस्त वाढतात, तू फक्त पॉझिटिव्ह राहा." ती "हो ताई" एवढंच म्हणाली. त्यानंतर पाच दिवस तिने माझा फोन उचलला नाही. भावाचा मेसेज आला की ताई, तिला सध्या कुणाशीच बोलायचं नाहीये.

खरं सांगायचं तर आधी वाईट वाटलं, थोडा रागही आला. मग हळूहळू उमगलं की तो फोन मी तिच्यासाठी केलाच नव्हता, माझ्या छातीत जी धडधड होत होती ती थांबावी म्हणून केला होता. ती काही बोलायच्या आत मी तिच्या भीतीवर झाकण ठेवून मोकळी झाले.

तेव्हापासून रात्री जागून या विषयावरचं मानसशास्त्रातलं संशोधन वाचतेय. त्यातला एक अभ्यास मनातून जातच नाही. डॅरिन लेहमन, जॉन एलार्ड आणि कॅमिल वॉर्टमन यांचा, १९८६ चा. ज्यांचा जोडीदार किंवा मूल वाहन अपघातात गेलं अशा लोकांना त्यांनी विचारलं की कुणाच्या कुठल्या बोलण्याने बरं वाटलं आणि कशाने नाही. बरं कशाने वाटलं, तर आपल्यासारख्याच प्रसंगातून गेलेल्या माणसाला भेटून, आणि मनातलं बोलायला मिळाल्याने. नको काय झालं, तर सल्ले, आणि "आता सावर" म्हणत केलेली घाई. इथपर्यंत ठीक. पण ज्यांच्यावर असं काही ओढवलं नव्हतं त्यांनाही विचारलं की तुम्ही अशा माणसाला आधार द्यायला काय कराल, तर त्यांनी बऱ्यापैकी बरोबर उत्तरं दिली! म्हणजे काय करावं हे आपल्याला माहीत असतं. त्या तिघांचं म्हणणं असं की समोरासमोर आल्यावर आपलाच ताण इतका वाढतो की माहीत असलेलं बाजूला राहतं आणि घोटून पाठ झालेलं वाक्य तोंडातून निघतं. माझं अगदी हेच झालं.

तर विचारायचं असं आहे की तुमच्यापैकी जे यातून गेलेत, किंवा या क्षेत्रात काम करतात, त्यांनी सांगा, अशा वेळी काय केलेलं खरंच पोचतं? संशोधन माहीत असेल तर ते सांगा, अनुभव असेल तर तो सांगा, मला दोन्ही हवंय.

रातपाळी

पाऊलवाट ताई, आधी एवढंच म्हणते की १७ दिवस बाळ लढतंय आणि घरचेही. नाव ठेवलंय का तिचं? आमच्या वॉर्डात कुणी हे विचारलं ना की आईबापाचा चेहरा वेगळाच होतो.

मी नर्स आहे, १९ वर्षं झाली, बहुतेक रात्रपाळ्याच. मोठ्यांच्या आयसीयूत, लहान बाळांच्या नाही, पण दाराच्या काचेला कपाळ टेकवून उभे असलेले नातेवाईक सगळीकडे सारखेच. डॉक्टर घरच्यांशी बोलतात तेव्हा मी बाजूला उभी असते आणि बघत असते की बोलतंय कोण. बहुतेक वेळा आम्हीच बोलत असतो. रिपोर्ट, किडनी, सॅच्युरेशन, सगळं सांगून झालं की विचारायचं "काही शंका?" आणि ते बिचारे मान हलवतात, नाही म्हणून.

फ्रान्समध्ये २२ आयसीयूंत मिळून एक ट्रायल झाली होती, २००७ मध्ये छापून आली. जे पेशंट आता वाचणार नाहीत असं डॉक्टरांना वाटत होतं अशा १२६ पेशंटची कुटुंबं होती. निम्म्यांशी नेहमीच्या पद्धतीने बोलले. निम्म्यांशी ठरवून, म्हणजे घरचे जे बोलतील त्याची कदर करायची, त्यांना जे वाटतंय ते मान्य करायचं, ऐकायचं, पेशंट माणूस म्हणून कसा होता ते समजेल असे प्रश्न विचारायचे, आणि त्यांना प्रश्न विचारायला वाव द्यायचा. सोबत एक माहितीपुस्तिकाही दिली. या बैठका साधारण ३० मिनिटं चालल्या, नेहमीच्या २०. फक्त १० मिनिटांचा फरक. पण घरच्या माणसांच्या वाट्याला बोलायला किती आली? १४ मिनिटं. नेहमीच्या पद्धतीत ५. आणि ९० दिवसांनी फोन करून विचारलं तेव्हा नेहमीच्या गटात ६९ टक्के लोकांत आघातानंतरच्या ताणाची लक्षणं होती, दुसऱ्या गटात ४५ टक्के. ४५ पण कमी नाहीच म्हणा, पण मी तेव्हापासून ते १४ आणि ५ विसरले नाहीये.

एकदा एक आजोबा चार दिवस खुर्चीत नुसते बसून होते, आजी व्हेंटिलेटरवर. मी ड्रिप बदलता बदलता सहज विचारलं, आजी घरी काय करायच्या हो? तर म्हणाले, ती रेडिओ दुरुस्त करायची, तिच्या वडिलांनी शिकवलेलं, सोल्डरिंगचा वास आला की मला अजून घर आठवतं. आणि मग अर्धा तास बोलत होते. मी एक शब्द धीराचा बोलले नाही. जाताना माझा हात धरून म्हणाले, बरं वाटलं पोरी.

काचपेटीवाली आई

पाऊलवाट, तुमचं वाचून पोटात गोळा आला, कारण माझा मुलगा ३० आठवड्यांचा झाला होता, आता शाळेत जातो. तुमच्या भावजयीच्या जागी बसून लिहिते.

तेव्हा मला सगळ्यात जास्त काय टोचायचं माहितीये, "पॉझिटिव्ह राहा". कारण त्याचा अर्थ मला असा लागायचा की मी घाबरले तर बाळाचं काही वाईट होईल आणि त्याला मी जबाबदार असेन. आधीच "माझ्या शरीराने बाळाला शेवटपर्यंत सांभाळलं नाही" हे डोक्यात घण घातल्यासारखं चालू असतं, त्यात हे. सगळी जणं प्रेमानेच बोलत होती, हे मला आज कळतं, तेव्हा नाही कळायचं.

दुसरं म्हणजे मॉनिटर. बाळाकडे कमी आणि त्या आकड्यांकडे जास्त बघायचे मी, वाजला की माझा श्वास बंद. एका सिस्टरने माझी खुर्ची उचलून अशी फिरवली की मॉनिटर माझ्या पाठीमागे आणि बाळ समोर, आणि म्हणाली, आकडे बघायला मी आहे, तुम्ही तिकडे बघा. पुढे कित्येक दिवस मी गेल्यावर आधी खुर्ची फिरवायचे.

संशोधनाचं म्हणाल तर बर्नाडेट मेल्निक यांचा कोप नावाचा कार्यक्रम बघा, २००६ मध्ये निष्कर्ष आले, २६० कुटुंबं होती. बाळ दाखल झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच आईबापाला ध्वनिफीत आणि सोबत करायच्या कृतींची वही द्यायचे. अपुऱ्या दिवसांचं बाळ दिसतं कसं, वागतं कसं, कुठली खूण म्हणजे ते थकलंय, कुठली म्हणजे आत्ता बोललात तर चालेल, आणि तुम्ही स्वतः त्याच्यासाठी काय करू शकता. त्या आयांचा ताण कमी राहिला, दोन महिन्यांनी चिंता आणि डिप्रेशनची लक्षणंही कमी होती, आणि बाळं सरासरी जवळजवळ चार दिवस आधी घरी गेली. यात धीर देणारी भाषणं नव्हती हो. बाळाच्या खुणा वाचायला शिकवलं, आणि हाताला काम दिलं.

म्हणून भावजयीला "कशी आहेस" विचारू नका, त्याचं उत्तर देता येत नाही. "आज ती काय करत होती?" असं विचारा. मग बघा.

आणि कांगारू पद्धतीने छातीशी घ्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर भावालाही घ्यायला सांगा. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी हे सुरू केलं तेव्हा काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून केलं, आज काचपेट्या असूनही करतात. बापांना कुणी सांगतच नाही, ते बिचारे फॉर्म भरत आणि औषधं आणत फिरतात.

वळणवाट

"काही लागलं तर सांग" हे वाक्य पण बंद व्हायला हवं. सांगायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात. काय लागतंय ते शोधायचं, मग तोंड उघडून मागायचं, त्याला वाटायचं ते ओझं वेगळं. त्यापेक्षा "मंगळवारी संध्याकाळी पाच ते आठ मी तिथे बसते, तुम्ही दोघं घरी जाऊन झोपा" असं म्हणा.

कोरा कागद

मी या बाजूचं लिहितो, म्हणजे नवऱ्याच्या. तीन वर्षांपूर्वी बायकोला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, सगळं झालं, आता ठीक आहे. पण ते सात-आठ महिने मी घरात एकदाही रडलो नाही. गाडीत रडायचो. पार्किंगमध्ये दहा मिनिटं थांबून, तोंड धुऊन मग वर. मला वाटायचं तिच्यासाठी हेच करणं माझं काम आहे.

नंतर काउन्सेलरने सांगितलं की याला संशोधनात नाव आहे, प्रोटेक्टिव्ह बफरिंग, म्हणजे जोडीदाराला त्रास नको म्हणून आपली काळजी लपवणं, वाद टाळणं, हसतमुख राहणं. जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९९१ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांच्या बायकांचा अभ्यास केला होता, त्यात ज्या बायका असं जास्त लपवत होत्या त्यांचाच स्वतःचा मानसिक त्रास जास्त होता. मला हे ऐकून फार सुटल्यासारखं वाटलं. मी कमजोर नव्हतो, मी दुहेरी ओझं उचलत होतो.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट वेगळी आहे. केमोच्या चौथ्या फेरीनंतर बायको एका रात्री म्हणाली, तुला भीती वाटत नाही का रे? मी म्हटलं नाही, तू बरी होणार. ती भिंतीकडे वळून झोपली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मला वाटतं या घरात घाबरलेली मी एकटीच आहे. त्या एका वाक्याने मी हललो. तिला वाचवायला म्हणून मी जे करत होतो त्याने ती एकटी पडली होती. त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं की मलाही वाटते, खूप वाटते. दोघं रडलो आणि मग दोघांनाही झोप लागली.

पाऊलवाट, तुमचा भाऊ कुणाशी बोलतोय का ते बघा. "तिला कुणाशी बोलायचं नाहीये" हा मेसेज त्याने पाठवला, त्याचं काय ते त्यात कुठेच नाही.

पाऊलवाट

कोरा कागद, तुमची शेवटची ओळ वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि दहा मिनिटं नुसती बसले. लहानपणी गुडघा फुटला तरी "काही नाही झालं" म्हणणारा मुलगा तो. आजच बोलते त्याच्याशी.

रातपाळी, नाव अजून ठेवलं नाहीये. भाऊ म्हणतो घरी आणल्यावर ठेवू. त्यामागे काय आहे ते कळतं मला.

आधी पुरावा

धागा चांगला चाललाय, पण मला थोडं वेगळं बोलायचंय, कुणाचं मन दुखवायचा हेतू नाही. "बोला, बोलतं करा, जास्त संवाद करा" हे प्रत्येक वेळी उपयोगी पडतंच असं अजिबात नाही, आणि याचेही पुरावे आहेत.

पहिलं उदाहरण. २०१६ मध्ये अमेरिकेत एक मोठी ट्रायल आली, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी, पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात त्रास कमी करायची देखभाल) तज्ज्ञांनी घेतलेल्या माहिती आणि आधाराच्या बैठका. चिंता, डिप्रेशन काही कमी झालं नाही, आणि आघातानंतरच्या ताणाची लक्षणं उलट थोडी जास्त निघाली. दुसरं, २०१७ मध्ये फ्रान्समध्येच, आयसीयूत मरण पावलेल्या पेशंटच्या घरी डॉक्टर आणि नर्सने हाताने लिहिलेलं सांत्वनपत्र पाठवलं, त्याने दुःख हलकं झालं नाहीच, सहा महिन्यांनी काही लक्षणं वाढलेली दिसली. कुणाला वाटलं असतं असं? तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, प्रसंग घडल्यावर लगेच माणसाला बसवून एकाच बैठकीत सगळं तपशीलवार बोलायला लावायचं, याला डीब्रीफिंग म्हणतात. १९९७ मध्ये भाजलेल्या पेशंटवर केलेल्या अभ्यासात १३ महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांत २६ टक्के लोकांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या ताणाचा विकार होता, न झालेल्यांत ९ टक्के. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनं तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यानेही पुढे सांगितलं की हे सक्तीने करणं बंद करा.

म्हणजे आधार देऊ नका असं नाही म्हणत. पण कळकळ आहे म्हणून केलेलं सगळं औषधच ठरेल असं धरून चालू नका. ज्याला आत्ता बोलायचं नाहीये त्याला उकरून काढणं हेही एक प्रकारे स्वतःच्या समाधानासाठीच असतं. पाऊलवाट, तुमच्या भावजयीने फोन नाही उचलला तर कदाचित ती स्वतःला सांभाळतच होती. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांचं २००४ पासूनचं काम वाचा, मोठ्या धक्क्यानंतर बहुतेक माणसं कुठल्याही खास उपचाराशिवाय टिकून राहतात, तेच सगळ्यात जास्त आढळतं. प्रत्येक कुटुंबाला पेशंट समजायची गरज नाही.

रातपाळी

आधी पुरावा, मन अजिबात दुखलं नाही, उलट बरं झालं लिहिलंत. फक्त एक लक्षात आणून देते. फ्रान्समधल्या २००७ च्या त्या बैठकीत घरच्यांना बोलायला जागा मिळाली होती. सांत्वनपत्र हे आमच्याकडून तिकडे गेलेलं, त्याला उत्तर द्यायची सोय नाही. डीब्रीफिंगमध्ये बोलायचं काय आणि कधी ते दुसराच ठरवतो. माझ्या मनात तरी फरक तिथेच पडतो. दार उघडं ठेवणं वेगळं आणि आत ढकलणं वेगळं.

कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या ॲन कझाक यांची एक मांडणी आहे, त्रिकोणासारखी. सगळ्यात खाली बहुसंख्य कुटुंबं, ज्यांना फक्त साधी माहिती, ओळखीचा चेहरा आणि थोडा आधार लागतो. मधे काही, ज्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. आणि टोकाला थोडी, ज्यांना मानसोपचार तज्ज्ञच हवा. सगळ्यांना टोकाचा उपचार देत बसलं तर चुकतं, आणि टोकाच्या लोकांना नुसता खांद्यावर हात ठेवून सोडलं तर त्याहून चुकतं. आठवडे उलटले तरी झोप नाही, सतत तेच दृश्य डोळ्यासमोर, बाळाकडे बघवतच नाही, किंवा स्वतःला संपवण्याचे विचार, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, सरळ डॉक्टरांशी बोला.

धाकटी

या सगळ्यात एक माणूस राहून जातं म्हणून लिहितेय. भावंड.

मी आठ वर्षांची होते, दादाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. मला कुणी काही सांगितलं नाही. शेजारी ठेवलं, मग मावशीकडे, मग परत शेजारी. मी त्याच्याशी भांडताना एकदा म्हणाले होते "तू मरून जा", आणि पंधरा दिवसांनी त्याला दवाखान्यात नेलं. तुम्हीच विचार करा मी काय समजले असेन. हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं तेव्हा मी २६ वर्षांची होते. दादा बरा झाला, त्याला मुलं आहेत आता, आणि त्याला हे माहीत पण नव्हतं.

कॅन्सर झालेल्या मुलांच्या भावंडांवर झालेल्या संशोधनांचा एक आढावा २०१० मध्ये आला होता, त्यात असं दिसलं की सरासरी बघितली तर भावंडांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण इतर मुलांपेक्षा फारसं वाढलेलं नाही, पण त्यातल्या काहींना आघाताची लक्षणं असतात, शाळेत मागे पडतात, आणि ती कुणाच्या नजरेत येत नाहीत कारण ती "शहाणी" मुलं असतात. मी फार शहाणी होते. २०१५ मध्ये कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी १५ मानकं ठरली, त्यात एक भावंडांसाठी वेगळं ठेवलंय, ते वाचलं तेव्हा मला रडू आलं.

पाऊलवाट ताई, तुमच्या भावाला मोठं मूल आहे का? असेल तर त्याला कुणीतरी खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन सांगायला हवं की बाळ लवकर आलं, त्यात तुझी काहीही चूक नाही. त्याने विचारलं नसलं तरी.

पाऊलवाट

आहे. साडेपाच वर्षांचा. आणि तो "शहाणा" आहे, सगळे तेच म्हणतायत सध्या, किती शहाण्यासारखा राहतोय. धाकटी, तुझे आभार कसे मानू कळत नाही.

वळणवाट

हे कुणीतरी लिहायलाच हवं म्हणून. सुझन सिल्क नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये वर्तमानपत्रात एक साधी कल्पना मांडली. मधे एक गोल काढा, त्यात ज्याच्यावर प्रसंग आलाय तो. त्याभोवती गोल, त्यात सगळ्यात जवळचे, मग पुढचा गोल, मग पुढचा. आतल्या गोलाशी बोलताना फक्त धीर द्यायचा. आपली भीती, रडणं, राग, तक्रार हे सगळं बाहेरच्या गोलातल्या माणसाकडे. धीर आत, कढ बाहेर. सिल्क यांचं स्वतःचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असताना एका सहकारी बाईंना भेटायला यायचं होतं, यांनी नको म्हटलं, तर त्या म्हणाल्या हे फक्त तुझ्याबद्दल नाहीये. तिथून हे सुचलं. हे सिद्ध झालेलं संशोधन नाही, पण मला रोज कामाला येतं.

दुसरी पाळी

सगळे अचानक आलेल्या आजाराबद्दल बोलतायत, माझं वेगळं आहे, बाबांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), सातवं वर्ष. इथे तातडी नाही, कुणी धावत येत नाही. पहिल्या वर्षी सगळे फोन करायचे, आता मीच फोन केला तर उचलतात.

पॉलीन बॉस नावाच्या संशोधिकेने यासाठी शब्द दिला, अस्पष्ट वियोग. माणूस समोर बसलंय आणि तरी गेलंय. ना रडता येत ना थांबता येत. हा शब्द सापडला त्या दिवशी मला वाटलं की मी वेडी नाहीये, या प्रकाराला नाव आहे.

शरीरावर पण याचा परिणाम होतो. १९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी डिमेन्शियाच्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशाच वयाच्या दुसऱ्या १३ स्त्रिया घेतल्या, हातावर छोटीशी सारखीच जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. काळजी घेणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. नऊ दिवस! मी माझ्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागाकडे बघत बसले होते ते वाचून.

आणि १९९९ मध्ये शुल्झ आणि बीच यांनी दाखवलं की जोडीदाराची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता अशा ज्येष्ठांचा चार वर्षांत मृत्यूचा धोका ६३ टक्के जास्त होता. पण थांबा, घाबरून जाऊ नका, २०१३ मध्ये रॉथ यांच्या गटाने हजारो काळजी घेणाऱ्यांची काळजी न घेणाऱ्यांशी तुलना केली तर एकंदरीत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १८ टक्के कमी निघालं. मी याचा अर्थ असा घेते की काळजी घेणं आपल्याला मारत नाही. एकट्याने, न झोपता, कुणी न विचारता घेणं मारतं.

मला कशाने आधार मिळाला तर आठ बैठकांचा एक कार्यक्रम आहे, स्टार्ट म्हणतात, लंडनमध्ये तयार झाला, २०१३ मध्ये निष्कर्ष आले. मुद्दाम मोठे तज्ज्ञ न लावता मानसशास्त्राच्या पदवीधर मुलींनी आणि मुलांनी ट्रेनिंग घेऊन तो चालवला आणि तरी नातेवाइकांची चिंता-उदासी कमी झाली. मी त्या धर्तीवरच्या बैठका केल्या. त्यात एक गोष्ट शिकले, बाबा रात्री दोन वाजता ऑफिसला निघायचे तेव्हा मी वाद घालायचे, बाबा तुम्ही रिटायर झालात, आणि ते चिडायचे, एकदा हात पण उगारला. आता मी म्हणते, बाबा, आज सुट्टी आहे. ते म्हणतात, अरे हो का, आणि बूट काढतात.

कोरा कागद

दुसरी पाळी, बूट काढतात हे वाचून बराच वेळ पुढे वाचता आलं नाही.

एक भर घालतो, वळणवाट यांच्या "काही लागलं तर सांग" वाल्या मुद्द्याला. नायल बोल्गर यांचा २००० सालचा अभ्यास, वकिलीच्या परीक्षेला बसलेली माणसं आणि त्यांचे जोडीदार, दोघांनी रोजची डायरी लिहिली. जोडीदाराने लिहिलंय की आज मी आधार दिला, पण घेणाऱ्याच्या डायरीत त्याची नोंदच नाही, अशा दिवसांनंतर घेणाऱ्याला सगळ्यात बरं वाटत होतं. अदृश्य आधार म्हणतात. दिसणारा आधार कधी कधी "तुला जमत नाहीये" असं सांगून जातो. माझा एक मित्र केमोच्या काळात माझी गाडी सर्व्हिसिंगला नेऊन आणायचा, कधी काही बोलला नाही, मला कितीतरी नंतर कळलं की किल्ली तो माझ्या भावाकडून घ्यायचा.

आधी पुरावा

आणि तरीही फोन करत राहा, हे मीच सांगतो. २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं की सहज केलेल्या साध्या मेसेजची समोरच्याला किती किंमत वाटेल हे आपण कमीच धरतो. उत्तर आलं नाही तरी पोचतं. फक्त उत्तराची अपेक्षा नाही हे त्यात लिहा.

पाऊलवाट

आठ दिवसांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत त्यातलं काय केलं ते सांगायला आले.

भावाशी बोलले. मी फक्त विचारलं, तू कुठे बसतोस रे तिथे? तो म्हणाला जिन्यात. आणि मग बराच वेळ नुसता श्वासांचा आवाज, मी काही बोलले नाही, फार कठीण गेलं गप्प बसणं, ओठ दाताखाली धरून बसले होते. मग रडला. शेवटी म्हणाला, ताई, मी तिला छातीशी घेतलं काल, चाळीस मिनिटं, ती माझं बोट सोडत नव्हती.

भाच्याशी व्हिडिओ कॉल केला, मी जमिनीवर बसले, त्यालाही खाली बसायला सांगितलं. बाळ लवकर आलं त्यात तुझी काही चूक नाही असं म्हटलं तर एकदम म्हणाला, "मी आईच्या पोटावर डोकं ठेवलं होतं ना." तीन आठवडे हे घेऊन फिरत होतं ते पोर. धाकटी, तू लिहिलं नसतंस तर.

भावजयीला रोज एकच मेसेज करत होते, उत्तर नको म्हणून, खाली प्रश्न नाही, काही नाही. सहाव्या दिवशी मी लिहिलं, आज ती काय करत होती? तासाभराने फोन आला. पस्तीस मिनिटं बोलली, त्यात पंपाचा आवाज, शेजारच्या काचपेटीतलं बाळ एका सकाळी नव्हतं ते, आणि आपली छोटी जांभई देते तेव्हा नाक कसं मुडपते ते. मी मोजून चार वाक्यं बोलले असेन. वजन १३४० झालंय.

गुरुवारी निघतेय, दोन आठवडे राहणार. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "ताई, येताना लांब वायरचा चार्जर आणाल? इथला प्लग खुर्चीपासून फार लांब आहे."